पोराला कुठं खेळवायचं? उगवत्या फुटबॉलपटूची जागा शोधण्याची पद्धत

कोल्हापुरात पोराच्या पायात बूट आले की त्याची जागा ठरवणारे पेठेत दहाजण तयार असतात. काका म्हणतो फॉरवर्ड. तालमीतला एखादा जुना खेळाडू उंची बघतो आणि म्हणतो, हा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक होणार. शाळेच्या संघात गोली नसतो, म्हणून सर त्याला जाळ्यापुढं उभं करतात. आईबाप शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून सगळ्यांचं ऐकत राहतात. मी त्या पायऱ्यांवर बरीच वर्षं काढली आहेत. आधी मुलगा खेळायचा, मग भाची खेळायला लागली, आणि पुढं भारतीय फुटबॉल फेडरेशनचा प्रशिक्षकांसाठीचा डी सर्टिफिकेट कोर्स करून मीच शाळेची लहान पोरं घ्यायला लागले. हे लिहिलंय ते नव्या पालकांसाठी आणि ज्यांच्या गळ्यात अचानक शाळेचा संघ पडतो अशा शिक्षकांसाठी.

चेंडू जवळ नसताना पोरगं काय करतं, यावरून त्याची जागा कळते. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. ड्रिबल, फटका, गोल हे सगळं त्या दोन-तीन मिनिटांतलं, आणि आपण पोराची पारख करतो ती तेवढ्यावरच.

लागणारं साहित्य

एक वही, मोबाइल आणि तो उंचावर टेकवायला काहीतरी, मापाची टेप, आठ-दहा कोन, दोन रंगांच्या बिब (सरावात संघ वेगळे दिसावेत म्हणून टीशर्टवर घालायच्या बंड्या). कागदपत्रांचं शेवटी सांगते, ती ट्रायलच्या वेळी लागतात.

१. आधी वय बघा

दहा वर्षांच्या आतल्या मुलाला जागा नसते. त्याला पाच-पाच किंवा सात-सातच्या छोट्या मैदानावर खेळू द्या आणि दर सामन्याला वेगळीकडे उभं करा, गोलमध्येसुद्धा. इंग्लंडमध्ये पोरं अनेक वर्षं आधी पाच-पाच, मग सात-सात, मग नऊ-नऊ अशी चढत जाऊन तेराव्या वर्षाच्या आसपास अकरा-अकराला पोचत आली आहेत. कारण साधं आहे. छोट्या मैदानावर प्रत्येकाला चेंडू सारखा लागतो, आणि हल्ला-बचाव दोन्ही करावे लागतात. आपल्याकडे १४ वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत पोरं एकदम मोठ्या मैदानावर येतात, म्हणून सरांना लवकर जागा ठरवायची घाई होते. ती घाई तुम्ही घरी आणू नका.

दहा ते बारा या वयात फक्त ओळ बघा: मागं रमतं, मधे रमतं की पुढं. तेरा ते पंधरा या काळात दोन जागा हाताशी ठेवा. सोळानंतर एक मुख्य जागा आणि एक जोडीची. याहून लवकर 'हा नऊ नंबरच', म्हणजे मधला फॉरवर्डच, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

२. प्रत्येक जागेचं काम समजून घ्या

आपल्याकडे स्टॉपर, हाफ, विंग, फॉरवर्ड हे शब्द सगळ्यांना माहीत असतात, पण त्या जागेवर दिवसभर काय करावं लागतं ते विचारलं तर गडबड होते. सध्या बरेच संघ चार बॅक, मधे तीन हाफ आणि तीन पुढं अशा मांडणीत खेळतात, ती धरून सांगते.

गोलीचं काम फटके अडवण्यापुरतं राहिलेलं नाही. १९९२ मध्ये बॅकपासचा नियम बदलला. आपल्याच खेळाडूनं पायानं मुद्दाम दिलेला चेंडू गोलीला हातात घेता येईना, तेव्हापासून त्याला पायानंही खेळावं लागतं. लहान संघांत सगळ्यात कच्च्या पोराला गोली करतात. त्यात त्या पोराचंही नुकसान होतं आणि संघाचंही. गोलीला धाडस लागतं, आवाज लागतो आणि गोल खाल्ल्यावर पुढच्या मिनिटाला ते विसरता यावं लागतं. हा शेवटचा गुण शिकवून फारसा येत नाही.

कडेचे बॅक हल्ली संघात सर्वाधिक पळणाऱ्यांपैकी असतात, वर जायचं आणि परत यायचं. स्टॉपरला उंची लागते हे खरं, पण त्याहून जास्त लागतं ते धोका आधी ओळखणं. चांगला स्टॉपर घसरून टॅकल करताना कमी दिसतो, कारण तो आधीच तिथं उभा असतो.

सहा नंबर म्हणजे बॅकच्या पुढं उभा राहणारा हाफ. पायऱ्यांवरच्या प्रेक्षकांना तो दिसतच नाही. आठ नंबर दोन्ही टोकांना धावतो. दहा नंबर अवघड जागेत, पाठीला माणूस चिकटलेला असताना चेंडू घेतो. विंगरला समोरासमोर माणूस चुकवता यावा आणि दहादा चेंडू गेला तरी अकराव्यांदा जायची हिंमत असावी. नऊ नंबरला गोल मारायचे असतात, पण सामन्याचा बराच वेळ तो बॅकच्या मागची मोकळी जागा शोधत, चेंडू न मिळता पळत असतो. ज्याला हे पळणं कंटाळवाणं वाटतं तो कितीही जोरात फटका मारू दे, नऊ नंबर म्हणून टिकत नाही.

३. सामना बघा, पण चेंडू बघू नका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात अवघड, कारण आपली नजर आपोआप चेंडूमागं जाते. मोबाइल पायऱ्यांवर शक्य तितक्या उंचीवर टेकवा आणि सबंध मैदान दिसेल असा ठेवा. झूम करून पोराच्या मागं फिरवू नका. मग बाकीचे कुठं होते ते कळत नाही आणि चित्रीकरणाचा उपयोग राहत नाही. घरी येऊन बघताना फक्त त्याच्याकडे बघा आणि वहीत मिनिट टाकून टिपा. नोंदी अशा असाव्यात:

१२ वं मिनिट: चेंडू उजव्या बॅककडे. आत सरकला. खांद्यावरून मागं बघितलं. पास आला नाही.
१४: चेंडू गेला. जागेवर उभा. चार-पाच सेकंदांनी परतला.
२०: पाठ गोलकडे असताना चेंडू आला. लगेच मागं दिला.
२३: समोर मोकळं मैदान. वेगात निघाला, बॅक चुकवला.

'छान खेळला', 'आज मूड नव्हता' असं लिहू नका. त्यातून काही निघत नाही.

काय बघायचं ते सांगते.

चेंडू यायच्या आधी तो आजूबाजूला बघतो का? नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी वरच्या पातळीवरचे खेळाडू पास येण्याआधी किती वेळा मान वळवून बघतात यावर बरीच वर्षं काम केलं आहे; जास्त बघणाऱ्यांचे पास जास्त वेळा योग्य जागी पोचतात. सतत मान फिरवणारं पोर मधल्या ओळीत वापरून बघा. मान न वळवणारं पोर वाईट नसतं, पण आत्ता त्याला कडेला सोपं जाईल. तिथं पाठीमागं रेषा असते, धोका एकाच बाजूनं येतो.

चेंडू हरवला की पहिली तीन पावलं कुठं पडतात? काही पोरं लगेच स्वतःच्या गोलकडे वळतात. काही चेंडू नेणाऱ्यावर धावून जातात. काही हात कमरेवर ठेवून उभी राहतात. पहिली मागच्या ओळीची किंवा सहा नंबरची. दुसरी आठ नंबरची, नाहीतर पुढून दबाव टाकणाऱ्या फॉरवर्डची. तिसरी दमलेली असतील किंवा रुसलेली, त्यांच्याशी आधी बोला.

चेंडू दुसऱ्या कडेला असताना तो कुठं असतो? चेंडूकडे ओढला जाणारा स्वभावानं हाफ. लांब, एकटा, मोकळी जागा धरून थांबणारा विंगर किंवा कडेचा बॅक. दोन बॅकच्या मधल्या फटीत रेंगाळणारा नऊ नंबर.

चेंडू घेताना पाठ कुठं असते? गोलकडे पाठ करून, धक्का खात चेंडू सांभाळणारी पोरं कमी असतात. असं पोर दिसलं तर नऊ किंवा दहा नंबरला उभं करून बघाच.

आणि तोंड चालतं का? 'मागं माणूस!', 'सोड, माझा!' असं न सांगता ओरडणारं पोर मिळालं की त्याला एकदा स्टॉपर आणि एकदा गोली करून बघा. माझी भाची घरात शब्द बोलत नाही. मैदानात मात्र चारही बॅक तिच्या आवाजावर हलायच्या.

एका सामन्यावरून काही ठरवू नका. समोरचा संघ दुबळा असला की सगळेच फॉरवर्ड दिसतात. बरोबरीच्या, भारी आणि हलक्या अशा तिन्ही संघांविरुद्धचे सामने बघा. पावसाळ्यातल्या चिखलातला एखादाही बघा, पण तो जागेसाठी धरू नका. चिखलात ताकद जिंकते.

४. उंची भिंतीवर मांडा

दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, त्याच भिंतीला उभं करून रेघ मारा. मुलांची उंची साधारण तेरा-चौदाव्या वर्षी सगळ्यात वेगानं वाढते, मुलींची अकरा-बाराव्या. त्या वर्षात मुलगा आठ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. पाय लांबतात, तोल बदलतो, आणि कालपर्यंत चेंडू पायाला चिकटलेला असणारं पोर अडखळायला लागतं. नेमक्या याच काळात लोक त्याची जागा बदलतात: 'ड्रिबलिंग गेलं, आता मागं टाका.' असं करू नका. रेघा भराभर वर सरकत असतील तर जागा तीच ठेवा, सराव हलका करा, थांबा.

गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा येऊन दुखत असेल किंवा टाच दुखत असेल तर ती या वयातली नेहमीची तक्रार असू शकते, पण डॉक्टरांना दाखवा. मलम चोळून लगेच सामन्याला उतरवू नका.

इथंच दोन मोठे सापळे आहेत. लवकर वाढलेलं पोर बाराव्या वर्षी सगळ्यांच्या डोक्यावर असतं, म्हणून त्याला स्टॉपर करतात. तो उंचीवर आणि ताकदीवर सगळं निभावतो. पंधराव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात, आणि त्याला पास द्यायला, वळायला शिकवलेलंच नसतं. अशा पोराला मुद्दाम मधे किंवा कडेला खेळवा, शक्य असेल तर वरच्या वयोगटात सराव द्या. दुसरा सापळा उशिरा वाढणाऱ्यांचा. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो, त्यामुळं डिसेंबरात जन्मलेलं पोर जवळजवळ वर्षभर मोठ्या पोरांबरोबर खेळत असतं. निवडलेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी का असते, ते यातून कळतं. लहान चणीचं पोर बाजूला पडलं म्हणून त्याला कच्चं समजू नका. डोकं चालवून जगायची सवय त्याला आधीच लागलेली असते.

कागदावर वय कमी करायचा सल्ला देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. वय तपासायला मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, त्यात पोर सापडलं की शिक्षा त्याला होते, सल्ला देणाऱ्याला नाही.

५. तीन जागांवर फिरवा

वहीवरून अंदाज आला की तीन जागा निवडा: एक त्याला आवडणारी, एक तुम्हाला वाटणारी आणि एक अगदी उलटी. फॉरवर्डला बॅक करा. प्रत्येक जागेला निदान चार-पाच सराव सामने द्या. उलट्या जागेवरून पोर जे शिकतं ते सांगून शिकवता येत नाही. बॅक म्हणून खेळलेल्या फॉरवर्डला बॅकला नक्की कशाचा त्रास होतो ते ठाऊक असतं.

सरावात छोटे खेळ लावा. चार विरुद्ध दोनचा रोंडो (चौघांनी गोलात उभं राहून चेंडू फिरवायचा, मधल्या दोघांनी तो हिसकावायचा) लावला की मधल्या ओळीचं पोर लगेच ओळखू येतं. कडेच्या पट्ट्यात एकास एक खेळवा, त्यात विंगरही दिसतो आणि त्याला थोपवणारा बॅकही. तीन विरुद्ध दोनमध्ये दोघांपैकी कोण शांत राहून मागं सरकतो ते बघा, तो तुमचा स्टॉपर. उंच चेंडू टाका आणि कोण हात वर करून बाहेर येतं ते बघा.

बाद फेरीच्या सामन्यात प्रयोग नको. पेठेची इज्जत पणाला लागलेली असताना पोराला नव्या जागी उभं केलं तर त्या जागेची भीती त्याच्या मनात बसते.

डावखुऱ्यांसाठी वेगळं सांगते. डावा पाय दिसला की पोर डाव्या विंगला, हा आपल्याकडचा रिवाज. डाव्या पायाचा स्टॉपर फार थोड्या संघांकडे असतो, आणि उजव्या कडेवरून आत येऊन डाव्या पायानं मारणारे सालाह आणि रॉबेन सगळ्यांनी पाहिलेत. तिन्ही ठिकाणी बघा.

६. पोराला विचारा, पण नीट विचारा

'कुठं खेळायला आवडतं?' असं विचारलं की दहातले आठ 'फॉरवर्ड' म्हणतात. त्याऐवजी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी विचारा: 'कालच्या मॅचमधला कुठला क्षण परत खेळायला मिळाला तर आवडेल?' कुणी गोल सांगतो, कुणी रेषेवरून काढलेला चेंडू, कुणी लांबून टाकलेला पास. माझ्या मुलानं एकदा मोठ्या उत्साहानं सांगितलं ते विरोधी दहा नंबरला हाफटाइमपर्यंत चेंडूच लागू न दिल्याचं. तो तोवर विंगला खेळत होता. पुढच्या हंगामात सहा नंबरला गेला आणि तिथंच रमला.

७. कोचशी बोला, पायऱ्यांवरून नाही

सामना चालू असताना 'वर जा, वर जा' ओरडू नका. पोराला एका कानानं सर ऐकू येतात, दुसऱ्या कानानं बाप. दोन दिवस जाऊ द्या, सराव संपल्यावर वही घेऊन जा. 'सर, याला फॉरवर्ड का खेळवत नाही?' असं तोंडावर विचारलं तर बोलणं तिथंच संपतं. 'सर, हा चेंडू गेल्यावर लगेच मागं वळतो असं मला चार मॅचमध्ये दिसलं. सरावात एकदा सहा नंबरला बघाल का?' याला बहुतेक सर हो म्हणतात. नाही म्हणाले तर कारण विचारा. बऱ्याचदा ते खरं असतं: संघात दुसरा डावा बॅक नसतो. एका हंगामापुरतं संघासाठी चालवून घ्या. दोन हंगाम तेच झालं तर मात्र परत बोला.

८. ठरवा, आणि बदलाला जागा ठेवा

वही, उंचीच्या रेघा, पोराचं बोलणं आणि सरांचं मत एका दिशेला जायला लागलं की एक मुख्य जागा धरा. जोडीची जागा मात्र सोडू नका. गॅरेथ बेल साउदॅम्प्टनमध्ये डावा बॅक होता. टॉटनहॅममध्ये तो विंगर झाला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इंटर मिलानविरुद्ध त्यानं डावीकडून धावत तीन गोल केले. अल्फोन्सो डेव्हिस उलटा गेला. विंगर म्हणून बायर्नमध्ये आला, २०१९ मध्ये बॅक जखमी झाल्यानं डाव्या बॅकला उभा राहिला आणि पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकला. पिर्लो दहा नंबर होता. २००१ मध्ये इटलीतल्या ब्रेशिया क्लबात ती जागा रोबेर्तो बाज्जिओकडे होती, म्हणून प्रशिक्षक मात्सोने यांनी त्याला बॅकच्या पुढं नेऊन ठेवलं. तिथून तो २००६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या खेळाची सूत्रं हलवत होता.

आपल्याकडचं उदाहरण याहून भारी आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत स्टॉपर जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्यांना पुढं फॉरवर्डला खेळवलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला आपण २-१ नं हरवलं, त्यातला एक गोल जर्नेल सिंग यांचा. मुंबईचा राहुल भेके उजवा बॅक म्हणूनही खेळतो आणि स्टॉपर म्हणूनही. २०१९ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्यात जादा वेळेत कॉर्नरवर हेडर मारून बेंगळुरूला जिंकून दिलं ते यानंच.

९. ट्रायलला जाताना

जन्म दाखला, आधार कार्ड, शाळेचं बोनाफाइड, पासपोर्ट आकाराचे फोटो, डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र, पालकांचं संमतिपत्र. सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. नाव आणि जन्मतारीख सगळीकडे अगदी सारखी आहे ना ते आधी बघा. आधारवर एक स्पेलिंग आणि दाखल्यावर दुसरं, यात पोरं अडकतात. फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीत पोराचं नाव आधीच असेल तर कोणत्या क्लबकडून आहे ते विचारून ठेवा, नाहीतर क्लब बदलताना गोंधळ होतो. पिशवीत शिनगार्ड, दोन रंगांचे टीशर्ट आणि पाणी. नवे बूट ट्रायलच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

फॉर्मवर जागा विचारतात तिथं मुख्य आणि जोडीची दोन्ही लिहा. दोनशे पोरं आली तर त्यातली निम्मी 'फॉरवर्ड' लिहितात आणि दहा-पंधरा मिनिटांच्या सामन्यात बदलून बदलून खेळतात, काहींना चेंडूही लागत नाही. डावा बॅक किंवा सहा नंबर लिहिणारे मोजकेच असतात. पोर खरंच त्या जागेवर खेळलेलं असेल तर ते लिहायला लाजू नका. पण न खेळलेली जागा युक्ती म्हणून लिहू नका, पहिल्या दोन मिनिटांत उघडं पडतं.

'सिलेक्शन पक्कं करून देतो' म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर तिथून निघा. ट्रायलची फी असेल तर तिची पावती घ्या.

निवड झाली आणि तिथल्या कोचनं पोराला तिसऱ्याच जागेवर उभं केलं, तर पहिले दोन महिने काही बोलू नका. वही चालू ठेवा.